स्टिकरखालचं कुंकू

“मामा, थांबा! ती बॅटरी बोटीत बसवू नका!”

ऊर्मी इतक्या जोरात ओरडली, की बालाजीमामांच्या हातातला पाना वाळूत पडला. नाताळच्या सुट्टीत ती आणि धाकटा कौशिक अड्यारहून समुद्रकाठच्या कोवलमला मामांकडे आले होते. मामांची नवी बोट आज पहिल्यांदाच मासेमारीला समुद्रात जाणार होती. नेणारे रंगाअण्णा एकटेच, आणि दिवा, वायरलेस सगळं त्या एका बॅटरीवर! ती भर समुद्रात बंद पडली, तर अण्णांनी हाक कुणाला मारायची?

“अय्यो! कोरी करकरीत आहे गं,” मामा म्हणाले. “परवाच कारखान्यातून निघालीय. विचार या वेंकटरमणना.”

“मग हे काय?” ऊर्मीने स्टिकरचा सुटलेला कोपरा ओढला. खाली वाळलेलं चंदन आणि मधोमध कुंकवाचा टिळा!

“आयुधपूजेचा!” कौशिक किंचाळला. “म्हणजे दसऱ्याला ही कुणाच्या तरी गाडीत होती!”

दुकानदार वेंकटरमण घाम पुसत हसले. “दुकानात पूजा केली असेल, पोरी.”

“परवा निघालेल्या बॅटरीची? ऑक्टोबरमध्ये?”

“मुलांचं काय ऐकता, सर!”

“नका ऐकू,” ऊर्मी ठसक्यात म्हणाली. “हिच्यावर दिवा आणि वायरलेस चालू ठेवू आणि जेवून येऊ. दिवा असाच राहिला, तर मी कान पकडेन!”

वेंकटरमणना एकदम लांबच्या गुम्मिडिपूंडी गावातलं काम आठवलं. पण रंगाअण्णा त्यांच्या स्कूटरवर ऐसपैस बसले होते. “जेवून जा की!” ते म्हणाले.

जेवून येऊन बघतात, तर दिवा मिणमिणतोय आणि वायरलेस मुका!

“गाडीची बॅटरी गाडी सुरू करताना एकदाच जोर लावते,” कौशिक म्हणाला. “बोटीला दिवसभर पुरवून पुरवून वीज देणारी लागते. आणि ही तर जुनीसुद्धा!”

मामा ओशाळले. “मी नुसती चकाकी बघितली रे.” मग ते वेंकटरमणकडे वळले, तेव्हा त्यांचा आवाज चांगलाच चढला होता.

संध्याकाळी बोटीची खरी बॅटरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिला टिळा लावायला कुंकू घेऊन वाकले, तर अण्णांनी त्यांचा हात धरला.

“तुम्ही नको. जिनं जुना टिळा शोधला, तिनंच नवा लावायचा.”

ऊर्मीला इतका आनंद झाला, की टिळा थोडा वाकडाच लागला.

दुपारी किनाऱ्यावरचा वायरलेस खरखरला. सगळे धावले. अण्णांचा आवाज अगदी खणखणीत होता!

“परत निघालोय! पोरांना सांगा, त्यांच्या आवडीचा मासा मिळालाय!”