धडा सातवा : डॉक्टरांकडे

तिसरीपर्यंत शिकलेय मी, पण बेदाण्यातली काडी मला चष्म्याशिवाय दिसते. तासगावात माझ्यासारखी निवड कुणाची नाही, व्यापाऱ्यांना विचारा.

त्या दुपारी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि नात संयोगिता. पुण्यातल्या नोकरीसाठी पोरगी फ्रेंच शिकत होती. फोन बेदाण्याच्या पाटीला टेकवलेला. त्यातली बाई फ्रेंच बोलायची, ही तेच इंग्रजीत म्हणायची, आणि मग माझ्या करमणुकीला मराठीत.

"पाव ताजा आहे का? स्टेशन कुठं आहे?"

"एवढं तर एसटीतली कुणीबी विचारती. त्याला फ्रेंच कशाला?"

ती हसली. "आता डॉक्टरांचा धडा हाय, आज्जी."

फोन बोलला.

"माझ्या छातीत दुखतंय," संयोगिता म्हणाली. "सकाळपासनं."

मी काडी वेचली.

"डावा हात जड झालाय. जरा आडवी होऊ का?"

हे शब्द मी ऐकले होते. याच शेडमध्ये, अकरा वर्षांमागं, याच क्रमानं. माझ्या सुनेच्या, मयूरीच्या तोंडून. गावाला मी सांगितलं, या पोरीलाही सांगितलं, की तुझी आई चकार शब्द न बोलता गेली.

"दुसरा धडा लाव," मी म्हणाले.

"थांब की. ही फोनमधली बाई शेवटी 'आत्या' म्हणाली का गं? फ्रेंचमध्ये आत्या कुठनं आली?"

मयूरी मला आत्या म्हणायची. माझी मान वर होईना.

"आता उत्तर आपण द्यायचं." तिनं तीन-चार उत्तरं फ्रेंचमध्ये दिली. फोननं सगळी चूक ठरवली. "माझं घेतच न्हाई. तू बोल बघू, गंमत."

मी उठणार होते. पण पाटी अर्धीच झाली होती. फोनवरचा हिरवा ठिपका वाट बघत राहिला.

"नाटकं पुरे," मी मराठीतच म्हणाले, त्या दिवशी म्हणाले होते तेच, अगदी हळू. "पाटी संपव, मग नीज."

टिंग वाजलं. बरोबर.

संयोगितानं हातातली काडी खाली ठेवली.

फोन पुन्हा बोलू लागला. वाक्य लांब होतं, मध्ये मध्ये दम लागल्यासारखं. ती इंग्रजीत काही म्हणाली नाही.

"मराठीत सांग की."

तिनं फोन पालथा घातला. बाई बोलतच होती.

"तुला समजतंय, आज्जी."

समजत होतं. शब्दन् शब्द.