तिवरातली हजेरी

कुणी विश्वास ठेवला नाही. ना कॉलेजच्या सरांनी, ना माझ्या सख्ख्या दिरानं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिचं कोण ऐकतंय! नका ऐकू. मी सांगायची थांबणार नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. अमेरिकेतून सहा महिन्यांसाठी मुंबईच्या कॉलेजात शिकायला आलेल्या पोरी भाईंदरच्या खाडीवर यायच्या. चिखलात दोरीचा चौकोन टाकायचा आणि त्यातले खेकडे, निवट्या मासळ्या मोजायच्या, हा त्यांचा अभ्यास. नवघरात आमच्या घरी त्यांची उतरायची सोय होती. त्यातली ज्युडी सारखी माझ्या चुलीपाशी. "गोदूबाई, च्या!" एवढं मराठी तिला पक्कं यायचं. सरांना मी शब्द दिला होता, पोर माझ्याकडं आहे तोवर तिच्या केसाला धक्का लागणार नाही.

आम्हा मिठागरवाल्यांची एक रीत आहे. खाडीत माणसाला नावानं हाक मारायची नाही. नुसतं 'कूऽऽ' करायचं. तिवराच्या झाडीत जे असतं, त्याला नाव कळता कामा नये. आणि सर तर बांधावर उभे राहून हजेरी घ्यायचे!

"सर, नावं घेऊ नका हितं."

"अहो गोदूबाई, कोण कुठं आहे ते कळायला नको? एखादी रुतली तर?"

"रुतली तर मी काढीन. नाव नको."

ते हसले आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवशी दुपार कलली होती. ओहोटी पार खाली गेलेली. सर बाकीच्या पोरींना घेऊन पुढच्या बांधाला गेले होते. ज्युडी तिवराच्या कडेला मोजत राहिली होती. मी चहाची किटली घेऊन बांधावर आले. माझा दीर राघो तिथंच उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवायच्या दाराच्या, फळ्या बदलत होता.

वारा पडला. बगळे उडाले नाहीत, नुसते गप्प झाले. कुजक्या पाल्याचा वास नाकात चढला.

"ज्युडी... च्या घे गं... इकडं ये..."

तिवरातून आला. माझा आवाज.

माझ्या तोंडात पानाचा तोबरा होता.

राघोनं वळून पाहिलं. "वैनी, तू बोलावलंस तिला?"

मी पचकन थुंकले. "मी न्हाय."

"आवाज तर तुझाच हाय..."

"आली, गोदूबाई!" ज्युडीनं उत्तर दिलं, आणि तिच्यामागं फांद्या मिटल्या.

तोंडावर आलेलं तिचं नाव मी गिळलं. राघोच्या हातातली फळी ओढली, चिखलावर टाकली आणि पोटावर सरकत आत घुसले. 'कूऽऽ' केलं. डाव्या अंगाला कुणीतरी माझ्याच घशानं 'कूऽऽ' केलं. मी सणसणीत शिवी हासडली. तीही परत आली. हळू... लाडानं...

ज्युडी छातीपर्यंत रुतलेली. पाठ माझ्याकडं, हात पुढं केलेला, हसत होती. मी मागून काखेत हात घातले तर किंचाळली, मला ओरबाडलं, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून ओरडली, "गोदूबाई, हेल्प!"

"मीच हाय गं... मीच हाय..."

तिला पटेना. पण मी सोडते काय! राघोनं फेकलेला दोर तिच्या काखेतून आवळला. त्यानं बांधावरून ओढलं, मी खालून रेटलं. चिखलानं तिचा बूट ठेवून घेतला. पोर नाही दिली मी.

दवाखान्यात दिवेलागणीला ती शुद्धीवर आली. सर, राघो, डॉक्टर, सगळे खाटेभोवती.

"ज्युडी," सरांनी विचारलं, "एवढ्या आत तुला बोलावलं कुणी?"

तिनं माझा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आपला एक हात सोडवून तिनं बोट त्या दाराकडं केलं आणि ओठ हलवले. सगळे एकदम माझ्याकडं वळले. बोट कुठं होतं ते कुणी बघितलंच नाही. नाव मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"गोदूबाई."