उजवीकडचं वळण

कोडं असं होतं: मुलगी तीच, स्नोबोर्ड तोच, उतारही तोच. मुलगी डावीकडे वळली की बर्फावर सुरीने आखल्यासारखी बारीक रेघ उमटायची. उजवीकडे वळली की खराट्याने झाडल्यासारखा रुंद, ओबडधोबड पट्टा पडायचा. असं का व्हावं?

मुलीचं नाव शिवांजली. कराडची, शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं न ऐकणारी. तिच्या आईचे वडील, आबा, हिमशास्त्रज्ञ (बर्फाचा अभ्यास करणारे) होते. गढवालच्या डोंगरातल्या एका केंद्रात त्यांची सगळी हयात गेली होती. या हिवाळ्यात त्यांनी नातीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. केंद्राच्या वर एक बुग्याल (उंचावरचं गवताळ कुरण) होतं. त्यावरून दोघांनी एकदा, एकदाच, सोबत बोर्डवरून उतरायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. हिवाळा सरला की त्यांचा गुडघा बदलायचा होता आणि त्यानंतर बर्फाचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण ही गोष्ट आहे तुमच्या मुलांच्या काळातली. तेव्हा तिथे बर्फ पडायचा तो साखर भुरभुरल्यासारखा, पातळ. म्हणून बुग्यालावर एक कडक नियम होता. ज्याला दोन्ही बाजूंना कोरीव वळण (बर्फ न खरवडता, बोर्डाच्या नुसत्या कडेवर घेतलेलं वळण) जमतं, त्यालाच वर सोडायचं. बोर्ड आडवा घसरला की वरचा बर्फ खरवडला जातो आणि खालची काळी माती उघडी पडते. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळी माती ते पिऊन टाकते आणि तापते. मग आजूबाजूचा बर्फही वितळतो. एका माणसाच्या घसरण्याने घराच्या अंगणाएवढा बर्फ वेळेआधी जाऊ शकत होता.

नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक यंत्रमानव होता. त्याला पापण्या नव्हत्या, म्हणून सगळे त्याला टकमक म्हणायचे.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळीच टकमकने सांगितलं, "ऊन वाढतंय. आज दुपारी बुग्याल बंद होईल. आबांना वर जायची परवानगी आहे. शिवांजलीला नाही."

"आबा, तुम्ही जाऊन या," शिवांजली बोर्ड आपटत म्हणाली.

"एकट्याने कशाला जाऊ? अजून वेळ आहे. चल, पुन्हा करून दाखव."

ती सरावाच्या छोट्या उतारावरून निघाली. डावीकडचं वळण झकास. उजवीकडे वळायची वेळ आली तशी ती कमरेत वाकली आणि तिने हात बर्फाकडे लांबवला. बोर्ड खरररर करत आडवा घसरला. पहिले पाढे पंचावन्न.

"कंबर, पोरी, कंबर!" आबा ओरडले. सगळा हिवाळा ते हेच ओरडत होते आणि सगळा हिवाळा तिला वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाला वेगाची भीती वाटते, दुसरं काही नाही.

"मी तर वळणाच्या आतच झुकतेय की! आणखी किती झुकू?"

आबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कबड्डीत चढाईला गेलीस की कशी उभी राहतेस गं?"

ती लगेच उभी राहिली. कमरेत वाकलेली, एक हात पुढे, बूड मागे.

"बूड मागे का?"

"मग काय पुढे ठेवू? हात लावायचा आणि मागे पळायचं. वजन पुढे टाकलं तर धरतील ना मला."

"अस्सं!" आबांनी कपाळावर हात मारला. "एवढे दिवस मी कंबर कंबर करतोय आणि तू बर्फावर चढाई करतेयस, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चूक माझीही आहे. इकडे ये."

त्यांनी तिला टकमकच्या लाकडी खोलीच्या भिंतीशी नेलं. बोर्ड काढायला लावला, टाचा भिंतीला टेकवून उभं केलं. "आता गुडघे न वाकवता पायाची बोटं धर."

शिवांजली वाकली आणि धपकन पुढे पडली. पुन्हा वाकली, पुन्हा पडली. (तुम्हीही करून बघा, पण समोर गादी घाला.)

"हे काय हो? एरवी तर सहज जमतं!"

"एरवी तू वाकलीस की बूड आपोआप मागे जातं. डोकं पुढे, बूड मागे, तोल कायम. इथे भिंत त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून तू पडतेस. टकमक, हिचा गुरुत्वमध्य दाखव."

गुरुत्वमध्य म्हणजे शरीराचं सगळं वजन जणू जिथे गोळा झालंय असा बिंदू. टकमकने हवेत तिच्या मघाच्या घसरगुंडीचं चित्र उभं केलं. तिच्या पोटाशी एक लाल ठिपका होता.

"बघ," आबा म्हणाले. "बोर्डवर तू डावा पाय पुढे ठेवून आडवी उभी असतेस, म्हणून डावीकडे वळताना टाचांच्या कडेवर असतेस. तिथे खुर्चीत बसल्यासारखं बूड मागे जातं, म्हणजे वळणाच्या आतच जातं. तुझी सवय तिथे उपयोगी पडते. उजवीकडे वळताना बोटांकडची कड बर्फात रुतवायची असते. तू हात आणि डोकं आत नेतेस, तुला वाटतं आपण झुकलो. पण बूड बाहेर, टाचांकडे राहतं. लाल ठिपका कडेवर येतच नाही. बोर्ड सपाट होतो आणि घसरतो."

शिवांजलीने त्या लाल ठिपक्यापाशी बोट नेलं. मग हळूच म्हणाली, "मग काय करू?"

"घोटे वाकव. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबली गेली पाहिजे. गुडघे वाकव. आता कंबर पुढे, बोटांच्या कडेवर आण. पाठ ताठ, छाती वर. हाताला सांग, बर्फाला शिवायचं नाही. आणि खाली बघू नकोस, वळण जिकडे जातंय तिकडे बघ. बोर्डाच्या कडा मधे किंचित आत गेलेल्या आहेत ना? तो कलला आणि दाबला गेला की वाकतो आणि स्वतःच गोल फिरतो. वळवायचं काम त्याचं. तुझं काम फक्त नीट उभं राहायचं."

ती वर चढली आणि निघाली. डावं वळण झालं. उजवं आलं तसा तिचा हात सवयीने खाली निघाला. तिने तो मागे ओढला, नडग्या दाबल्या, कंबर पुढे ढकलली. खरखर झालीच नाही. बोर्ड गुपचूप फिरला. तिने मागे पाहिलं. बर्फावर बारीक, स्वच्छ रेघ होती.

"जमलं! आबा, जमलं! टकमक, चल, पूर्ण परीक्षा घे!"

तेवढ्यात भोंगा वाजला.

"बुग्याल बंद," टकमक म्हणाला. "बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर तापला. या हंगामात आता कुणालाही वर जाता येणार नाही."

शिवांजली तिथेच बर्फात बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माझ्यामुळे तुमचं राहिलं, आबा. मी आधी ऐकायला हवं होतं. तुम्ही सकाळीच गेला असता तर..."

"राहिलं खरं," आबा म्हणाले. ते वर बुग्यालाकडे बघत होते. "वाईट वाटतंय मला. तुला खोटं कशाला सांगू? तुझ्या वयाचा असल्यापासून मी तिथून उतरतोय."

मग ते गुडघा सांभाळत तिच्याजवळ बसले आणि तिच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. रेघ बोटाएवढीच रुंद होती. तिच्या तळाशीही पांढरंच होतं, माती कुठेच दिसत नव्हती.

"असं उतरणारे वाढले, तर हा बर्फ आणखी काही हिवाळे टिकेल," ते म्हणाले.

शिवांजलीने नाक पुसलं. "टकमक, पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडेल?"

"सांगता येत नाही. शक्यता आहे."

"मग आम्हा दोघांना बोलव."

"आबांचा गुडघा—"

"गुडघा माझा आहे," आबा म्हणाले. "डॉक्टरांशी मी भांडेन. तू बोलव."

"पण आधी आबा उतरतील," शिवांजली म्हणाली. "मी मागून."

"का गं?"

"मी माझ्याच रेघा बघत बसले सगळा हिवाळा. तुमची मी कधी बघितलीच नाही."

आबांनी तिचा बोर्ड उचलून खांद्यावर घेतला आणि दोघं चालत खाली निघाले.