वॉर्डातली एकच खुर्ची

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

माझ्या मावसभावावर ओढवलेला हा प्रसंग. त्याला सगळे नाना म्हणतात. वाचनालयात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात त्याची हयात गेली. गेल्या नाताळात मावशीच्या फुप्फुसात पाणी झालं आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

सणाचा आठवडा. ज्यांना घरी पाठवणं शक्य होतं त्यांना पाठवलेलं. बायकांच्या वॉर्डात उरल्या तिघीच... मावशी, एक शिंपीण आजी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. खालच्या हॉलमध्ये नाताळाचा कार्यक्रम होता, म्हणून वॉर्डातल्या खुर्च्या तिकडे नेल्या होत्या.

एकच राहिली होती. मावशीच्या कॉटपाशी. तिच्यावर नाना बसायचा.

पहिल्याच दुपारी एक म्हातारा आला. राखाडी लोकरी कोट. टोपी हातात.

"ही खुर्ची घेऊ का जरा? त्यांच्यापाशी कोणी नाही."

नाही म्हणणं नानाच्या रक्तातच नाही. तो लगेच उठला.

म्हातारा शिंपीण आजींपाशी जाऊन बसला.  नुसता बसून राहिला...

"उद्या कोणी तुझी मान मागितली," मावशी पुटपुटली, "तर म्हणशील, घ्या, पण सावकाश कापा."

दुसऱ्या दिवशी आजींची कॉट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

म्हातारा पुन्हा आला. या वेळी बाईंकडे बघत त्याने खुर्ची मागितली.

नाना पुन्हा उठला.

नाताळाच्या सकाळी बाईंच्या कॉटवर चादरही नव्हती...

सिस्टर खिडकीला चमकत्या कागदाच्या झिरमिळ्या लावत होती. नानाने घाबरत विचारलं, "तो कोटवाला म्हातारा कोण हो?"

"कुठला म्हातारा? रोज तुम्हीच तर उठून खुर्ची या बायकांपाशी नेऊन ठेवता. एकट्या जिवाला तेवढीच सोबत. चांगलं करता."

नानाने खुर्ची उचलून मावशीच्या उशापाशी आणली.

आता वॉर्डात एकटी मावशी उरली होती.

दुपार झाली. खालून गाणी ऐकू येत होती. एकदम ती थांबली...

दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत.

फक्त फिनेलच्या वासात ओल्या लोकरीचा वास मिसळला.

"खुर्ची घेऊ का जरा?"

नानाने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.  मावशी डोळे मिटून पडली होती, तिचा श्वास घरघरत होता.

"नाही," नाना कसाबसा म्हणाला. "मी बसलोय."

म्हातारा रागावला नाही. त्याने शांतपणे मान हलवली.

"असू द्या. मी उभा राहतो."

मावशी बरी झाली. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. नवं वर्ष लागल्यावर ती घरी आली.

मी भेटायला गेलो तेव्हा भर दुपार होती. तिच्या खोलीत एकच खुर्ची. बाकीच्या खुर्च्या नानाने शेजारपाजारी वाटून टाकल्या होत्या. शेंबड्या पोरालाही उठून जागा देणारा हा माणूस, मी आलो तरी ढिम्म बसून राहिला. मला रागच आला. मग खाली बघत, दबक्या आवाजात त्याने हे सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं.

इतक्यात मावशी जागी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यापलीकडे...

"नाना, अरे, हे कोटवाले घरी आल्यापासून उभेच आहेत. दमले असतील. ऊठ, बसू दे त्यांना."

नाना हलला नाही. त्याची बोटं पांढरी पडली होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडलो.

मावशी अजून आहे. नाना अजून त्या खुर्चीत आहे.

तो झोपतो कधी, हे विचारायचा मला धीर झालेला नाही...