परसोंचा शनिवार

"अरविंदराव, हातातलं काम टाका आणि शाळेत या," मुख्याध्यापक एकनाथराव फोनवर म्हणाले. "चारला हिम्मतरावांची चौकशी आहे. त्याआधी मालतीबाईंना यंत्र बघायचंय. तुमच्यासमोर."

'तुमच्यासमोर' हा शब्द अरविंदला बोचला.

मार्च १९९४. पुण्याहून हैदराबादच्या एका कॉम्प्युटर कंपनीत येऊन त्याला आठ महिने झाले होते. दर रविवारी तो जामबागेतल्या या मराठी शाळेत मुलांचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, क्लब चालवी. मुलांनी सुटे भाग जोडून एक बीकन बनवला होता. बीकन म्हणजे इवलासा प्रक्षेपक. गच्चीवर पत्र्याच्या डब्यात बसायचं आणि दर मिनिटाला मोर्समध्ये आपलं नाव टिकटिकायचं, एवढंच त्याचं काम. गेल्या शनिवारी तो मुका झाला.

सोमवारी अरविंदने डबा उघडला. एका कॉइलचं टोक सुटून लोंबत होतं. ते पाहताच त्याने डबा पुन्हा झाकला. मग त्याने फाटकावरच्या खाजामियाँला दोन प्रश्न विचारले, आणि तासाभरात एकनाथरावांच्या टेबलावर तक्रारीचा कागद ठेवला. लॅब अटेंडंट हिम्मतराव यांनी शनिवारी डबा उघडून यंत्रात ढवळाढवळ केली, असं त्यात लिहिलं होतं.

हिम्मतरावांची नोकरी एकतीस वर्षांची. निवृत्तीला दहा महिने उरलेले. सरकारी लायसन्सच्या यंत्राशी छेडछाड म्हणजे निलंबन, हे एकनाथरावांनी आधीच सांगून टाकलं होतं.

अरविंद पोचला तेव्हा हिम्मतराव जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. सातवीची मुलं त्यांच्यासमोरून गेली. एकानेही मान वळवली नाही. अरविंदनेही नाही.

प्रयोगशाळेत मालतीबाई भिंग डोळ्याला लावून डब्यात बघत होत्या. शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. क्लबचं लायसन्स त्यांच्याच नावावर होतं.

"ये बाळा. आधी साक्षीदार ऐकू."

खाजामियाँ टोपी सावरत आत आला.

"क्या देखे तुम, खाजामियाँ?"

"हिम्मतराव साब कू देखा, बाई. परसों. सीढी लगा के गच्ची पे चढे. डब्बा खोले, तार पे का मांजा निकाले, डब्बा बंद करके उतर गए. नीचे बच्चे गला फाड रे थे, मेरा है, मेरा है बोल के."

"साथ में कौन था?"

"कोई नै. एकदम अकेले."

"बघा बाई," अरविंद म्हणाला. "सोमवारी मलाही हेच सांगितलं. शब्दसुद्धा तेच."

"शब्दसुद्धा तेच," बाई म्हणाल्या. "हौ, ऐकलं मी."

मग हिम्मतरावांना बोलावलं.

"शनिवारी गच्चीवर गेला होतात?"

"नाही, बाई."

"ही कॉइल तुम्ही गुंडाळलीत?"

"नाही."

"अहो, मग जरा जोरात सांगा की!"

"साहेबांनी लिहून दिलंय," हिम्मतराव जमिनीकडे बघत म्हणाले. "माझं तोंडी."

ते बाहेर गेले. आता बोलावं, असं अरविंदला वाटलं. तोंड उघडेपर्यंत बाईंनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातात दिलं होतं.

"हे टोक परत जोडून दे. माझे डोळे गेले रे आता."

टेबलावर कथील होतं, चिमटा होता, दाढीचं पातं होतं. अरविंदने तार चिमट्यात धरली, आयर्न टेकवलं, कथील सोडलं. कथलाचा गोल चकचकीत मणी झाला.

"खरवडली नाहीस?"

"आता गरज नसते, बाई. बाहेरच्या मासिकात आलंय. नव्या तारेवरचा लेप उष्णतेने आपोआप जळतो."

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. बाईंनी चिमट्याने तार हलकेच ओढली. ती मण्यातून अलगद निघून आली.

पावणेचारला सगळे एकनाथरावांच्या खोलीत जमले. हिम्मतराव दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"एकनाथराव, तुम्ही इतिहासाचे, म्हणून सावकाश सांगते," बाई म्हणाल्या. "खाजामियाँ, इस फाटक पे कब से हो?"

"परसों ईच तो लगा, बाई. आप ईच लगाए ना."

"मी लावलं त्याला सहा वर्षं झाली." एकनाथराव हसले. अरविंद हसला नाही. "आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. जे होऊन गेलं ते सगळं परसों. अरविंदने पुण्याच्या कानाने ऐकलं आणि सोमवारातून दोन दिवस वजा केले. तेच धरलं तर आज बुधवारी हिम्मतराव सोमवारी चढलेले निघतात!"

"मग चढले कधी?"

"तारेवरून काय काढलं, आठवा. मांजा. खाली पोरं कशासाठी भांडत होती? पतंगासाठी. आपल्याकडे पतंग कधी उडतात, हिम्मतराव?"

"संक्रांतीला, बाई. एरियलवर मांजा अडकला होता. तारेला हात लावायच्या आधी डबा उघडून बटण बंद केलं. शनिवारचं विचारलं, म्हणून नाही म्हणालो. संक्रांतीचं कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे संक्रांतीनंतर दोन महिने यंत्र व्यवस्थित चाललं. आता तार बघा. तांब्याच्या या तारेवर इनॅमलचा लेप असतो. तो खरवडल्याशिवाय कथील धरत नाही, नुसतं वर बसून राहतं. चुकून एखाद्या ठिकाणी लेप जळाला तर तेवढ्यावर यंत्र काही आठवडे चालतं. मग मार्चचं ऊन लागतं आणि कथलाचा डाग सुटतो. मुलांनी गुंडाळलेल्या कॉइलींची टोकं पात्याने घासून लख्ख केलेली आहेत. हिम्मतराव टोक बघितल्याशिवाय डाग देऊच देत नाहीत. ही एकच कॉइल वेगळी. तार जास्त लालसर, टोक कोरं. हिम्मतरावांच्या हातून हे होणार नाही. त्यांना न दाखवता डाग देणारे आम्ही दोघंच. मी खरवडते. उरला..."

"मी," अरविंद म्हणाला.

एकनाथराव खुर्चीतून त्याच्याकडे वळले.

"फेब्रुवारीत केलं. पुण्यातल्या मित्राला बीकन ऐकवायचा होता, त्याचा आवाज लांब जावा म्हणून कॉइल बदलली. कोठीच्या बाजारातून तार आणली. तुम्हाला विचारलं असतं तर लायसन्सकडे बोट दाखवून नाही म्हणाला असतात."

"हौ, नाहीच म्हणाले असते. आणि सोमवारी डबा उघडलास तेव्हा?"

"पाहताक्षणी कळलं. मग खाजामियाँ परसों म्हणाला. मला वाटलं, चढलेच असतील, ओढली असेल तार. तसंच असावं असं मला... हवं होतं."

एकनाथरावांनी तक्रारीचा कागद फाडायला हात घातला. बाईंनी तो धरला. "फाडू नका. खाली खरं काय ते त्याने लिहावं आणि सही करावी."

अरविंदने लिहिलं, सही केली. मग तो दाराकडे वळला.

"हिम्मतराव, माझी चूक झाली."

"तार खरवडली नाही, ती चूक, साहेब," हिम्मतराव शांतपणे म्हणाले. "मुलं रोज करतात, मी रोज सुधारतो. माझं नाव तुम्ही चुकून नाही लिहिलंत."

अरविंदला खाली बघावंसं वाटलं. त्याने बघितलं नाही.

"मी काय करू?"

"मुलं दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना सांगा. मी बाहेर थांबतो. माझ्यादेखत तुम्हाला जड जाईल."

"नको. तुम्ही चला."

सातवीचा शेवटचा तास चालू होता. हिम्मतराव मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलं गप्प झाली. अरविंद फळ्यापुढे उभा राहिला. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता, विश्वासाने.

"कॉइल मी बदलली होती," तो म्हणाला. "आणि तिचाच डाग सुटलाय, हे मला सोमवारपासून माहीत होतं."