मार्गशोध

सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी सातव्या क्रमांकाचं डायलिसिस यंत्र पुन्हा एकदा आपोआप बंद पडलं. पडदा काळा झाला, रक्त ओढणारा पंप थांबला आणि सिस्टर बागडेंनी हातातलं पेन टाकून पंपाचं हँडल हाताने फिरवायला सुरुवात केली. नळीतलं रक्त गोठायच्या आत ते निर्मला खंडारेच्या अंगात परत जायला हवं होतं. चार मिनिटांनी यंत्र आपलं आपण सुरू झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

"मॅडम, माझंच मशीन का बंद पडतं हो नेहमी?" निर्मलाने विचारलं. ती एकतीस वर्षांची अंगणवाडी सेविका होती. दोन मुली होत्या आणि मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती.

"आज शोधून काढते," हर्षदा इंगोले म्हणाली. हे ती तीन आठवड्यांपासून म्हणत होती.

खारपाणपट्ट्यातल्या सावळी गावच्या या केंद्रात बारा यंत्रं होती आणि बहात्तर रुग्ण. हर्षदा तिथली यंत्र-अभियंता. तीन महिन्यांत एकेचाळीस वेळा यंत्रं अशी बंद पडून सुरू झाली होती. तिने वीजपुरवठा तपासला, सर्किट बदलली, सातव्या यंत्राचा मेंदू काढून दुसऱ्या यंत्रात बसवून पाहिला. दोष यंत्राबरोबर जात नव्हता. निर्मलाला मात्र दुसऱ्या खाटेवर हलवलं, की तिथलं यंत्र बंद पडायचं.

त्या दुपारी तिने एकेचाळीस नोंदी यंत्राप्रमाणे न लावता माणसांप्रमाणे लावल्या. नऊच नावं निघाली. त्यातल्या सहा नावांपुढे रुग्णालयाच्या नोंदवहीत मृत्यूची तारीख होती. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिने खुर्ची मागे सारली. प्रत्येक मृत्यूनंतर दहा-बारा दिवस एकही यंत्र बंद पडलेलं नव्हतं.

या यंत्रांची आज्ञावली लिहिणारे डॉ. फिरदौस काझी पुण्याला असत. हर्षदाने त्यांना संगणकाच्या पडद्यावर गाठलं आणि यादी दाखवली. काझींनी यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली.

"दर दहा मिनिटांनी यंत्र काय करतं, माहीत आहे ना तुम्हाला?" अखेर त्यांनी विचारलं.

"रुग्णाचं वजन, रक्तदाब, रक्तातले क्षार बघतं आणि पाण्याचा वेग ठरवतं."

"वेग हा शेवटचा निकाल झाला. आधी ते मार्ग शोधतं. आजपासून पुढचे तीस दिवस हा माणूस जिवंत राहील, असा उपचारांचा क्रम. किती तास, किती पाणी, कुठल्या दिवशी. लाखो क्रम तपासून बघतं. याला मी मार्गशोध म्हणतो. धडधाकट रुग्णाचा मार्ग क्षणात सापडतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर शोधत राहतं." काझींनी डोळ्यांवरून हात फिरवला. "प्रत्येक यंत्रात एक प्रहरी असतो. मुख्य आज्ञावली दोन सेकंद गप्प राहिली, तर ती अडकली असं समजून तो यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. त्यानंतर तासभर यंत्र मार्ग शोधत नाही, ठरावीक वेगाने रक्त धुतं. मग पुन्हा शोधायला लागतं."

"म्हणजे यंत्र बिघडलेलंच नाही."

"नाही. निर्मलाबाईंना वाचवायचा मार्ग त्याला सापडत नाही, एवढंच."

"पण मग 'मार्ग नाही' असं सांगून मोकळं का होत नाही ते?"

"कारण ते उत्तर मी त्याला दिलेलंच नाही," काझी म्हणाले. "माझी आई डायलिसिसवर असतानाच वारली, इंगोले. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या यंत्राने असं काही म्हणावं, हे माझ्या हातून लिहिलं गेलं नाही."

हर्षदाला राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना. तिने विचारलं, "मार्ग सापडत नाही, तो कशामुळे? तिचं शरीर थकलंय म्हणून?"

काझींनी निर्मलाचे आकडे पुढे ओढले. "नाही. शरीर अजून झुंजतंय. पाणी कमी पडतंय."

पाण्याचं गणित हर्षदाला ठाऊक होतं. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला सव्वाशे लिटर अतिशुद्ध पाणी लागतं. सावळीच्या खाऱ्या पाण्यातून चार बादल्यांमागे एक बादली शुद्ध निघायची, आणि केंद्राला मिळणारं कच्चं पाणी जलवाटप मंडळाने ठरवून दिलेलं होतं. बाराही यंत्रं एकाच टाकीवर चालत. कोणी दगावलं, की त्या जागी नवा रुग्ण येईपर्यंतचे दहा-बारा दिवस त्याच्या वाट्याचं पाणी इतरांना मिळायचं. निर्मलाला प्रत्येक वेळी चाळीस लिटर जास्त हवं होतं.

तेवढं हर्षदाच्या हातात होतं. तिने निर्मलाचा वाटा वाढवला. पुढच्या पाळीला सातवं यंत्र साडेचार तास अखंड चाललं. निर्मलाच्या चेहऱ्यावरची सूज उतरली आणि तिने सिस्टरकडून फोन मागून घेऊन मुलींना चेहरा दाखवला.

त्याच पाळीत अकरा वाजता चौथं यंत्र बंद पडलं.

चौथ्या खाटेवर वासुदेव ढोले होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं पाटकरी म्हणून काम केलेला, कालव्याचं पाणी शेतांना पाळीपाळीने सोडणारा माणूस. त्यांचं यंत्र याआधी कधीच बंद पडलं नव्हतं. सिस्टर हँडल फिरवत असताना ते हर्षदाकडे रोखून पाहत होते.

"मॅडम, सात नंबरच्या मशीनवर पाणी वाढवलं काय तुम्ही?"

ती गोंधळली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कशाले पाहिजे? चौतीस वर्षं हेच केलं ना मी. वरच्या वावरात दार उघडलं, की खालच्याचं वावर कोरडं राहते. मग तो माणूस माह्या दारात येऊन बसे." ते थांबले. "कालव्यात पाणीच कमी असलं, तर पाटकऱ्यानं कितीबी दारं उघडझाप केली, तरी कोणीतरी कोरडं राहतेच, मॅडम. पोरीचं पाणी कमी नका करू. पण शेवटी कोण आहे, ते पाहून घ्या."

हर्षदा त्या दिवशी जेवली नाही. काझींना तिने पुन्हा गाठलं आणि म्हणाली, "प्रत्येक यंत्र आपापल्या रुग्णापुरता मार्ग शोधतं. दुसऱ्याचं पाणी आपण ओढतोय, हे त्याला कळतच नाही. बाराही यंत्रांनी मिळून एकच शोध करायचा. अट एवढीच, की कुणाचाही मार्ग दुसऱ्याचा मार्ग तोडणार नाही."

"बहात्तर जणांचा एकत्र मार्गशोध," काझी हळूच म्हणाले. "करता येईल. आठवडा द्या."

आठवड्यानंतरच्या सोमवारी, पहिली पाळी उठून गेल्यावर आणि दुसरी बसण्याआधी, रिकाम्या खाटांसमोर त्यांनी चाचणी घेतली. केंद्राचे प्रमुख डॉ. बोंद्रे दाराशी उभे होते. हर्षदाने बहात्तर जणांची माहिती भरली, अट घातली आणि कळ दाबली.

एक सेकंद. दोन सेकंद.

बाराही पडदे एकाच वेळी काळे झाले.

चार मिनिटांनी ते उजळले, आणि हर्षदाने पुन्हा कळ दाबल्यावर पुन्हा एकदम विझले. बाहेरच्या बाकांवर दुसऱ्या पाळीचे बारा जण थांबले होते. कोणीतरी दार वाजवलं.

"यादीतून एक नाव कमी करून बघा," पडद्यावरून काझी म्हणाले. "फक्त चाचणीपुरतं."

तिने नाव न वाचता एक ओळ काढली. पडदे विझले. दुसरी काढली. तिसरी. चौथी. वेगवेगळ्या ओळी काढून पाहिल्या. पाच काढल्या तेव्हा मात्र यंत्रं विझली नाहीत. सदुसष्ट माणसांचे सदुसष्ट मार्ग पडद्यावर हिरव्या रेघांनी उमटले.

डॉ. बोंद्रेंनी चष्मा काढून हातात घेतला. "जुनी आज्ञावली टाका आणि पाळी सुरू करा," एवढं बोलून ते निघून गेले.

हर्षदाने अहवाल लिहिला. अलंकार नव्हते त्यात. यंत्रांत दोष नाही. उपलब्ध पाणी बहात्तर रुग्णांना पुरत नाही, पाच जणांना कमी पडतं. दररोज तीनशे लिटर शुद्ध पाणी वाढवून मिळाल्यास यंत्रं बंद पडणं थांबेल. सोबत एकेचाळीस नोंदी आणि चाचणीचे आकडे जोडले. डॉ. बोंद्रेंनी एक शब्दही न बदलता सही केली. त्याबद्दल तिला त्यांचा आदर वाटला.

उत्तर सोळा दिवसांनी आलं. तेवढ्या दिवसांत निर्मलाचं यंत्र तीनदा आणि ढोल्यांचं दोनदा बंद पडलं. हर्षदा दिवसाआड पाण्याचा वाटा इकडून तिकडे हलवत होती.

डॉ. बोंद्रेंनी तिला खोलीत बोलावलं आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं. मंडळाने अहवालाबद्दल केंद्राचं अभिनंदन केलं होतं. दोषाचं कारण इतक्या नेमकेपणाने प्रथमच समोर आलं होतं. पाणी वाढवणं शक्य नव्हतं. मात्र अहवालातल्याच आकड्यांनुसार यंत्रं सुरळीत चालण्यासाठी केंद्राची मंजूर रुग्णसंख्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सदुसष्ट करण्यात येत होती. वगळायचे रुग्ण आज्ञावलीनेच निवडावेत, म्हणजे कोणावर पक्षपाताचा आरोप येणार नाही.

"मी पाणी मागितलं होतं, सर."

"हो." डॉ. बोंद्रे खिडकीकडे बघत होते. "पण गणित दोन्ही बाजूंनी सुटतं, इंगोले. त्यांनी दुसरी बाजू धरली. मी पुन्हा लिहीन. मुंबईला जाईन. पण आज यादी दिली नाही, तर उद्या ते केंद्रच बंद करतील, आणि मग सगळे बहात्तर."

तिने प्रश्न बदलून यंत्राला दिला. सगळ्यांना वाचव, असं विचारल्यावर जे दोन सेकंदांत बोलू शकत नव्हतं, त्याने कोणते पाच वगळू याचं उत्तर अर्ध्या सेकंदात दिलं. ज्यांना सगळ्यांत जास्त पाणी लागत होतं, ती पाच नावं. ढोल्यांचं नाव त्यात नव्हतं. पहिलं नाव निर्मला खंडारेचं होतं.

यादी भरताच ती लागू झाली. एक तारखेपर्यंत त्या पाचांना ठरावीक वेगाने उपचार मिळणार होते, मार्गशोधाशिवाय.

दुसऱ्या दिवशी हर्षदा विभागात आली तेव्हा सकाळची पाळी संपत आली होती. बाराही यंत्रं एका लयीत चालू होती. सिस्टर बागडे कित्येक दिवसांनी खुर्चीवर टेकल्या होत्या. ढोल्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्या हातातल्या कागदाकडे, आणि मान भिंतीकडे वळवली.

"मॅडम!" सातव्या खाटेवरून निर्मलाने हाक मारली. तिचा आवाज मोकळा होता. "आज चार तास झाले, एकदाही बंद नाही पडलं. मला तर भीतीच वाटायची, पडदा काळा झाला की. शेवटी दुरुस्त केलंच तुम्ही."

हर्षदाने यंत्राकडे पाहिलं. पडदा स्वच्छ उजळलेला होता. ते कुठेच अडकत नव्हतं, कारण ते आता निर्मलासाठी काही शोधत नव्हतं. इतक्या वेळा यंत्रं अडकली होती, कारण कोणालाही सोडून द्यायला ती तयार नव्हती. आणि तीन महिने हर्षदा त्यालाच बिघाड म्हणत आली होती.

तिने खाटेशेजारचं स्टूल ओढलं आणि निर्मलाचा सुई नसलेला हात हातात घेतला.

"निर्मलाताई," ती म्हणाली, "ते दुरुस्त झालेलं नाही."