बांधणी क्रमांक चाळीस

"माझा नवरा चोर ठरला तरी चालेल," खुर्चीत टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पण वेडा ठरायला नको."

वहिनी चष्मा पुसायच्या थांबल्या. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून आता त्या 'खासगी तपास' अशी पाटी लावून बसल्या होत्या. त्यांना वहिनी म्हणणारा हक्काचा माणूस एकच, धाकटा दीर. पण हे भावोजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर ऑफिसातच असत, त्यामुळे सगळा मजला तेच म्हणू लागला होता. भावोजींचं अक्षर सुवाच्य, टिपणं काटेकोर. त्या टिपणांतून निष्कर्ष काढायचं काम मात्र ते दुसऱ्यांसाठी राखून ठेवत.

आलेल्या बाईंनी पर्समधून मूठभर चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. 'मीठ.' 'किल्ली डावीकडे फिरते.' 'गॅस बंद केलास का?' सगळ्यांवर एकच जपून काढलेलं अक्षर.

"चार दिवसांत घरभर चिकटवल्यात. मी काढते, ते पुन्हा लावतात."

एक चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिली होती. वहिनींनी ती पाहिली, पण विचारलं नाही.

हकीकत अशी होती. त्यांचे यजमान कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत काम करत. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणसाच्या उरलेल्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं, त्यावरून जुन्या वर्कस्टेशनवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, आकार आखायचा, आणि त्या आकाराबरहुकूम कोरणी मशीन ठोकळा कोरून काढायचं. वर्कस्टेशन बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. यंत्र बावीस वर्षं जगलं ते मास्तरांच्या जिवावर. गेल्या मंगळवारी सकाळी कोरणी मशीन हलेना. मास्तरांनी पाहिलं, तर यंत्राचा कर्नल बदललेला.

"कर्नल?" भावोजींचं पेन थांबलं. "सैन्यातले?"

सैन्यातले नव्हेत, वहिनींनी समजावलं. कर्नल म्हणजे यंत्राच्या कार्यप्रणालीचा गाभा. कोणकोणते भाग जोडलेत त्याची यादी लिहायची आणि त्या यादीवरून गाभा बांधून घ्यायचा. हजेरीपटासारखंच ते. ज्याचं नाव पटावर नाही, तो समोर उभा असला तरी यंत्राच्या लेखी गैरहजर.

तर त्या यादीतली एक ओळ कोणीतरी काढली होती. नव्या गाभ्यावर बांधणी पुरी झाल्याची वेळ होती सोमवार, सोळा तारीख, संध्याकाळी पाच बावन्न. त्या वेळी खोलीत मास्तर एकटे होते, आणि त्यांना काहीही आठवत नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, शेवटी स्वतःची मुलं. मास्तरांनी तासाभरात हिशेब मिटवला. राजीनामा लिहिला आणि भाऊ ज्या आश्रमात गेले, तिथे आपल्या नावाची खाट ठरवून टाकली.

"सोमवारी सकाळी जायचंय. बॅग भरून झाली. पायजमे मोजून ठेवलेत त्यांनी." बाईंचा आवाज आता पार खाली गेला होता. "माझ्याकडे बघतात ना, तेसुद्धा पाठ करत असल्यासारखे बघतात."

त्या दिवशी शुक्रवार होता, वीस तारीख.

कार्यशाळेच्या दाराशी लाकडी पेटी होती. प्लास्टरच्या भुकटीने फोन बिघडतात म्हणून सगळ्यांनी ते पेटीत ठेवूनच आत जायचं. भावोजींनी आपला फोन पोटच्या पोराला पाळणाघरात सोडावं तसा ठेवला.

मास्तर यंत्रापासून चार हात दूर, स्टुलावर बसले होते. वहिनींनी विचारलं, कोणती ओळ गेली?

"टेपची," मास्तर म्हणाले. "यादीत टेप ड्राइव्ह लिहिलाय, माहिती फितीवर साठवणारा. आपल्याकडे टेप ड्राइव्ह नाहीच. बावीस वर्षांपूर्वी कोरणी मशीन जोडायला मोकळी जागा नव्हती, म्हणून मी ते टेपच्या जागी जोडलं. यंत्राला वाटतं आपण टेपवर लिहितोय, आणि तिकडे पाय कोरला जातो. हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मग ती ओळ माझ्याशिवाय कोण काढणार?"

"कोणाला सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

ओळ परत घालून गाभा पुन्हा बांधता येईल का, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते कोणा परक्याचे होते. "येईल. पण उद्या मी दुसरं काय काढीन, सांगा? आत तीनशे माणसांचे पाय आहेत."

त्यांची नोंदवही मात्र चोख होती. प्रत्येक बांधणीला यंत्र आपणहून पुढचा क्रमांक देई आणि मास्तर तो वहीत उतरवून घेत. शेवटची नोंद एकोणचाळीस क्रमांकाची होती, तीन वर्षांपूर्वीची. समोर लिहिलं होतं: 'नऊ तास लागले.' त्यानंतर यंत्राची मेमरी दुप्पट केली होती, पण बांधणीची वेळ आली नव्हती. पडद्यावरच्या पहिल्या ओळीत आता क्रमांक होता चाळीस.

व्यवस्थापकांनी काही लपवलं नाही. नव्या यंत्राचं दरपत्रक वर्षभर त्यांच्या खणात होतं, आणि जुनं बंद पडल्याचा त्यांना आनंद झाला होता. आनंद झाल्याची लाजही वाटत होती, पण थोडी कमी. "याची घड्याळाची बॅटरी मेलीय. रात्री बंद केलं की सकाळी आजची तारीख आणि वेळ आकड्यांत सांगावी लागते, तेव्हा उठतं. याला यंत्र म्हणायचं की आजोबा?" मास्तरांनी मान खाली घातली तेव्हा आपण काय बोललो ते व्यवस्थापकांच्या लक्षात आलं, आणि ते एका बोटाने कुठलंसं पत्र टाइप करू लागले.

पायांचे आकार आखणारी मुलगी मास्तरांची बाजू घेऊन भांडायलाच उभी होती. कोण कोणत्या पायाने लंगडतो हे ज्याला पाठ आहे, तो वेडा कसा? सोमवारी दुपारी एक ते पाच ती यंत्रावर बसली होती. तीन पाय आखले. "लोण्यासारखं चाललं यंत्र. नेहमीपेक्षा हलकंच." पाचला ती घरी गेली. मास्तर साचे लावत मागे राहिले.

उरला भाचा, मास्तरांच्या बहिणीचा मुलगा. पस्तिशीचा, सहा वर्षं इथे मोटारी आणि पाती दुरुस्त करणारा. डोळे सुजलेले. कार्यशाळेच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: मास्तर, व्यवस्थापक आणि तो. मामा कर्नलला हातसुद्धा लावू देत नाहीत, असं त्याने सांगितलं. "ऐकून एवढंच ठाऊक आहे, की बांधायला घेतलं की पाच तास यंत्र मुंगीच्या पावलांनी चालतं, दुसरं काही करता येत नाही." मग त्याने उलट विचारलं, "मामा खरंच सोमवारी जाणार?"

वहिनी म्हणाल्या, बॅग भरली आहे. तो उठून हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

निघताना साडेपाच वाजले होते. आखणीच्या मुलीने भिंतीवरच्या, दिवसाला एक पान असलेल्या कॅलेंडरचे तीन कागद एकदम टरकावले आणि पाती पुसायला घडी करून ठेवले. भावोजींनी कौतुकाने कारण विचारलं.

"सोमवारी आल्यावर शुक्रवार दिसला, की गेल्या आठवड्यातच अडकून पडल्यासारखं वाटतं. जाताना मी पुढचा सोमवार काढूनच ठेवते."

भिंतीवर आता तेवीस होती. वहिनी त्या आकड्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की भावोजींनी त्यांचा फोनही पेटीतून काढून आणला.

वाटेत भावोजींनी निकाल सांगितला. फायदा व्यवस्थापकांचा, तेव्हा करणीही त्यांचीच.

"फायदा आहे," वहिनी म्हणाल्या, "पण बोट एकच चालतं."

शनिवारी सकाळी वहिनींनी सगळ्यांना बोलावलं. मास्तर आले ते बायकोने हात धरून आणलं म्हणून. रात्रीत ते आणखी वाळल्यासारखे दिसत होते. खिशातून एक नवी चिठ्ठी डोकावत होती: 'शनिवार. कार्यशाळा. दहा.'

"भावोजी, यंत्र सुरू करा बरं."

यंत्र कण्हलं, पडदा उजळला, आणि त्याने तारीख आणि वेळ विचारली. भावोजींचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. फोन पेटीत होता. वेळ मनगटावरच्या घड्याळात होती; तारखेसाठी त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि ठसक्यात तेवीस टाइप केलं. यंत्राने हुज्जत न घालता मान्य केलं.

"आज वार कोणता?" वहिनींनी विचारलं.

"शनिवार की."

"आणि तारीख?"

"तेवी..." भावोजी थांबले. "काल वीस होती."

आखणीच्या मुलीने तोंडावर हात नेला.

"वार सगळ्यांना ठाऊक असतो," वहिनी म्हणाल्या. "तारखेसाठी माणूस भिंतीकडे बघतो. फोन बाहेर राहत असेल तर हमखास. गेल्या शुक्रवारीही या आखणीवाल्या ताईंनी कागद फाडले आणि भिंतीवर सोमवारची सोळा लागली. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी कोणी इथे येऊन यंत्र सुरू केलं असेल, तर त्यानेही सोळाच टाइप केली असणार. यंत्राने आपलं सोमवार धरून चाललं. संध्याकाळी पाच बावन्नला बांधणी पुरी झाली. वेळ खरी, दिवस खोटा."

मास्तरांनी मान वर केली. "पण सोमवारी मी..."

"सोमवारी बांधणी होऊच शकत नव्हती. पाच बावन्नला पुरी व्हायची, तर ती दुपारी एकच्या आधीच सुरू व्हायला हवी. बांधताना यंत्र मुंगीच्या पावलांनी चालतं. ताईंनी एक ते पाच तीन पाय आखले, लोण्यासारखे, नेहमीपेक्षा हलके. हलके का? कारण नवा, काटछाट केलेला गाभा तेव्हा आधीच बसलेला होता. सोमवारी सकाळी नऊला तुमच्यापैकी कोणी पडद्यावरची पहिली ओळ वाचली असती, तर त्याच दिवसाची संध्याकाळ सकाळीच दिसली असती. पण रोजची ओळ कोण वाचतं? मंगळवारी कोरायला घेतलं, तेव्हा कुठे वाचली."

"पण ती ओळ," मास्तर म्हणाले. आवाज फाटला होता. "ते फक्त मला ठाऊक होतं."

"म्हणूनच तुम्ही काढली नाहीत. इथेच तुम्ही उलटी बेरीज केलीत, मास्तर. ज्याला गुपित ठाऊक होतं, तो त्या ओळीला कधीच हात लावणार नव्हता. ठाऊक नव्हतं त्यालाच ती फालतू वाटली. त्याने यादी वाचली, इकडे तिकडे पाहिलं, टेप ड्राइव्ह कुठेच दिसेना. म्हणाला, मेमरी खातोय उगाच, काढा."

वहिनी भाच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"मामांच्या वहीत नऊ तास आहेत. नऊच तू ऐकले असणार. मेमरी वाढल्यावर पाच लागतात, हे कळायला एकदा बांधूनच बघावं लागतं. शनिवार की रविवार, ते तू सांग."

"शनिवार," भाचा म्हणाला.

मग ते सगळं बाहेर आलं, खाली बघत, तुटक. यंत्र हलकं करून दाखवायचं होतं. सहा वर्षांत मामांनी त्याला पाती घासण्यापलीकडे नेलं नव्हतं. शनिवारी यंत्र नीट उठलं, पडदा झरझर आला. कोरणी मशीन चालवून बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मंगळवारी सांगायचं ठरवलं होतं. मंगळवारी मशीन हललं नाही आणि पडद्यावर सोमवार दिसला.

"मला वाटलं, माझ्यानंतर मामांनीच सोमवारी आणखी काहीतरी केलं."

"तसं असतं तर क्रमांक एकेचाळीस झाला असता," वहिनी म्हणाल्या. "वहीत एकोणचाळीस, पडद्यावर चाळीस. मधे एकच बांधणी, तुझी. तो आकडा तूही पाहिलास."

भाच्याने होकारार्थी मान हलवली. "रोज सांगणार होतो, मामी. रोज."

मामींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. मास्तरांचे ओठ हलत होते. ते मोजत होते: नऊ, पाच, एकोणचाळीस, चाळीस. पुन्हा एकदा मोजलं. जमत होतं.

"म्हणजे मी विसरलो नाही," ते म्हणाले.

"विसरायला तुमच्याकडे काही नव्हतंच. एकच खातं तुमच्या नावे निघतं. बावीस वर्षं ती ओळ कोणाला सांगितली नाहीत, हा तुमचा हिस्सा."

मास्तर उठले, स्टूल यंत्रापाशी ओढलं आणि आधी तेवीसची एकवीस केली. मग यादी उघडली. वही बाजूला मिटलेलीच होती. एक लांबलचक ओळ, आकड्यांनी आणि विरामचिन्हांनी भरलेली, त्यांनी न थांबता टाइप केली. वहिनींनी वही उघडून ताडून पाहिली. एक टिंबही चुकलं नव्हतं.

बांधणी सुरू झाली. आता पाच तास कोणालाच काम नव्हतं. व्यवस्थापकांनी दरपत्रकाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"तू उभा का?" मास्तर भाच्याला म्हणाले. त्यांचा आवाज अजून कोरडाच होता, आणि तो ओला व्हायला बरेच दिवस लागणार हे उघड होतं. "बस. वही घे. कुठल्या ओळीमागे काय लपलंय, सगळं लिहून घे. पहिल्यांदा टेप."

भाचा बसला. पहिल्या दोन ओळी त्याला लिहिता आल्या नाहीत, कागद ओला झाला.

मामींनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातली ती एक चिठ्ठी काढून त्यांनी नवऱ्यापुढे धरली. "बाकीच्या आजच फाडते. ही लग्नाच्या फोटोवर लावली होतीत. हिचं काय करू?"

वहिनींना ती आता वाचता आली. 'ही माझी बायको. रागावली तरी हिचंच ऐकायचं.'

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही मात्र मी लिहिल्याचं आठवत नाही."

मामींचा चेहरा पांढरा पडला. भावोजींचं पेन हवेतच राहिलं.

मग मास्तरांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, चार दिवसांत पहिल्यांदा.

"अहो, जीव घ्याल माझा," मामी म्हणाल्या, आणि तिथेच रिकाम्या साच्यांच्या बाकावर बसून रडू लागल्या.